निजेला धोंडा, पण वेळ कुठून?



‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ असे आपल्याकडे म्हणतात. अंग खरोखर थकले की उशाला धोंडाही चालतो. आम्हा कवी मंडळींचे तसे नसते. मैफल पहाटेपर्यंत रंगते आणि घरी मऊ गादीवरही डोळा लागत नाही. मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलांना मात्र ही म्हण तंतोतंत लागू पडते.

स्वित्झर्लंडमधील बाझलचे संशोधक सेर्ज ब्रांड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकीकडे २५८ खेळाडू मुले-मुली, दुसरीकडे त्याच वयाची, फारशी न खेळणारी १७६. पहिल्यांचा व्यायाम आठवड्याला सरासरी साडेसतरा तासांहून अधिक, दुसऱ्यांचा पाच तासांहूनही कमी. मुलांनी स्वतः केलेल्या नोंदींतून दिसले ते असे : खेळाडूंना झोप लवकर लागते, रात्री जाग कमी येते, दिवसा लक्ष चांगले लागते. चिंता आणि उदासीही त्यांच्यात कमी.

मग अडचण कुठे आहे? अडचण आहे ती वेळेची. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप हवी, असे अमेरिकेतील झोपतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ मध्ये सांगितले. शिवाय या वयात शरीराचे घड्याळच पुढे सरकते. झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते. म्हणून अकरापर्यंत टक्क जागा राहणारा मुलगा दरवेळी आळशी किंवा हट्टी असतोच असे नाही.

आता खेळाडू विद्यार्थ्याचा दिवस पाहा. पहाटे पाचला उठून मैदान, सातला शाळा, दुपारी शिकवणी, संध्याकाळी पुन्हा सराव, मग गृहपाठ. अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत अकरा वाजतात. हाती उरतात सहा तास. न खेळणाऱ्या मित्राला निदान पहाटेचा तासभर जास्त मिळतो. कोल्हापूरच्या तालमीतला पैलवानही पहाटेच उठतो. पण मेहनत आणि खुराक झाला की दुपारी तो झोपतो. वस्तादांच्या लेखी ती झोप मेहनतीचाच भाग. शाळकरी मुलाने तालमीची पहाट घेतली, दुपार मात्र त्याच्या वाट्याला आली नाही.

याची किंमत शरीर मोजते. लॉस एंजेलिसच्या एका शाळेतील ११२ खेळाडूंचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांत दुखापतीची शक्यता १.७ पट आढळली. एवढ्या एका अभ्यासावरून सारे ठरत नाही, हे खरे. पण कानाडोळा करण्याजोगी ही गोष्ट नाही. उलट बाजूही आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील अकरा बास्केटबॉलपटूंना काही आठवडे रोज दहा तास अंथरुणात राहायला सांगितले, तेव्हा त्यांची धाव वेगवान झाली आणि फ्री थ्रोची अचूकता ९ टक्क्यांनी वाढली. हा अभ्यास २०११ चा.

कॅलिफोर्नियात २०२२ पासून बहुतेक माध्यमिक शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवता येत नाहीत. महाराष्ट्र शासनानेही २०२४ मध्ये शाळा नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचे ठरवले, पण चौथीपर्यंतच्याच. ज्या वयात घड्याळ पुढे सरकते, ते वय त्याच्या बाहेर राहिले.

शाळेची वेळ आपल्या हाती नसेल, पण काही गोष्टी नक्की आहेत. पहाटे सराव असेल त्या दिवशी संध्याकाळचा सोडावा. परीक्षेच्या दिवसांत मैदान आणि शिकवणी, दोन्हींचे ओझे एकाच पोरावर टाकू नये. क्रीडाशिक्षकांनी ‘किती फेऱ्या मारल्यास?’ या प्रश्नाबरोबर ‘काल किती वाजता झोपलास?’ हेही विचारावे.

‘लवकर निजे, लवकर उठे’ हे आपण मुलांना सांगत आलो. त्यातले दुसरे आपण त्यांच्याकडून सक्तीने करून घेतो. पहिल्यासाठी सवड काढून देणे मात्र मोठ्यांचेच काम आहे.