मानसिक आरोग्य : उपचारांचे अंतर आणि राष्ट्राची जबाबदारी



६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे तामिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यातील एरवाडी येथे मनोरुग्णांच्या एका खासगी निवाऱ्यास आग लागली. तेथील रुग्ण साखळदंडांनी जखडलेले असल्याने त्यांना पळता आले नाही. या दुर्घटनेत २८ जणांचा मृत्यू झाला. एरवाडीच्या दर्ग्यावर आजार बरा होतो, या श्रद्धेने अनेक कुटुंबे आपल्या रुग्णांना दूरदूरहून तेथे आणत असत. तथापि, या घटनेचा दोष केवळ अंधश्रद्धेवर टाकून चालणार नाही. घराजवळ उपचारांची सोय नसणे, हेही त्यामागील एक मोठे कारण होय.

मनोविकारांवरील औषधे बहुधा दीर्घकाळ घ्यावी लागतात. रुग्णालय दूर असल्यास प्रत्येक फेरीस प्रवासखर्च होतो आणि सोबतच्या नातेवाइकाची मजुरीही बुडते. थोडे बरे वाटताच औषध थांबते, आजार पुन्हा उचल खातो आणि तो असाध्य असल्याची समजूत घरात पक्की होते. साखळदंडाचा मार्ग अशा हतबलतेतून सुरू होतो.

हे अंतर कमी करण्याचा विचार देशात पूर्वीच झाला होता. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या संस्थेने १९८० च्या दशकात कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात त्याचा प्रत्यक्ष प्रयोग केला. आरोग्य कर्मचाऱ्याने रुग्ण ओळखावा, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या प्रशिक्षित डॉक्टराने मोजक्या औषधांनी उपचार करावेत आणि गुंतागुंतीचे रुग्ण तेवढे जिल्हा पातळीवरील तज्ज्ञाकडे पाठवावेत, अशी ही रचना होती. तिच्याच आधारे १९९६ मध्ये चार जिल्ह्यांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. आज तो सातशेहून अधिक जिल्ह्यांपर्यंत विस्तारला आहे.

असे असूनही २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाचे निष्कर्ष चिंताजनक होते. १२ राज्यांतील या पाहणीनुसार सुमारे १०.६ टक्के प्रौढ व्यक्तींना त्या वेळी मानसिक आजार होता. आजाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित होते. तज्ज्ञांची कमतरता, रिक्त पदे, औषधांचा अनियमित पुरवठा आणि समाजातील कलंकाची भावना ही त्याची प्रमुख कारणे होत. कार्यक्रम जिल्ह्यात पोहोचला म्हणजे औषध गावात पोहोचले, असे होत नाही.

२९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने या प्रश्नास हक्काचे अधिष्ठान दिले. शासकीय सेवेतून उपचार मिळणे हा प्रत्येक नागरिकाचा हक्क ठरला. रुग्णास साखळीने बांधण्यास मनाई झाली. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती, असे गृहीत धरून तिला शिक्षेऐवजी आधार देण्याची भूमिका कायद्याने घेतली. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली-मानस’ ही सेवा सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य समुपदेशन मिळते. परीक्षेच्या ताणाने खचलेल्या विद्यार्थ्यासही ती तितकीच खुली आहे. मदत मागणे हे दुर्बलतेचे लक्षण नव्हे.

अर्थात, दूरध्वनीवरील धीराच्या शब्दांना जवळच्या दवाखान्याची जोड हवी. कर्ज, बेरोजगारी, व्यसन आणि कौटुंबिक हिंसा यांचे मनावर होणारे आघात केवळ औषधांनी भरून येत नाहीत. म्हणूनच शिक्षण, रोजगार व समाजकल्याण या खात्यांचाही या कार्यात वाटा असला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेतही आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नसून शारीरिक, मानसिक व सामाजिक स्वास्थ्य होय, असे मानले आहे.

उद्या प्रशासनात जाणाऱ्या तरुणांनी या कार्यक्रमाचे यश किती जिल्हे समाविष्ट झाले यावरून मोजू नये. गावातील रुग्णाला पुढील महिन्याचे औषध आपल्याच आरोग्य केंद्रात मिळाले का, हीच त्याची खरी कसोटी आहे. या प्रश्नाचे उत्तर सर्वत्र ‘होय’ असे येईल, तेव्हाच एरवाडीचा धडा देश शिकला असे म्हणता येईल.