पापणी जड झाली तर थांबू नका

पावसाळ्यात वस्तीवर आपण जमिनीवरच निजतो. मण्यार रात्री अंथरुणात शिरते. तिचा दंश फारसा दुखत नाही, सुजत नाही. म्हणून माणूस परत झोपतो. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटतात, गिळता-बोलता येत नाही. ही झोप नव्हे, बाहेरची बाधाही नव्हे. विषामुळे नसांचा निरोप स्नायूंना पोचत नाही. शेवटी श्वास थांबतो.

मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. जखम कापू नका, आवळून बांधू नका. चालू न देता, कुशीवर निजवून ताबडतोब दवाखान्यात न्या. १०८ ला फोन करा. सर्पदंशाची लस आणि कृत्रिम श्वास वेळेवर मिळाला तर माणूस वाचतो.

आणि रात्री खाटेवर, मच्छरदाणी खोचूनच निजा.