शाईच्या पेनाचा नाद

श्रोतेहो, नाद कोणाला कशाचा असेल ते सांगता येत नाही. कोणाला कबुतरांचा असतो, कोणाला भजनाचा, कोणाला शर्यतीच्या बैलांचा. मला शाईच्या पेनांचा आहे. आता तुमच्यातले कितीतरी जण मनात म्हणतील, पेन ते पेन, त्यात जमवायचे काय? दुकानात पाचदहा रुपयांत बॉलपेन मिळते, संपले की टाकून द्यावे. शंका रास्त आहे. म्हणून किमतींच्या गोष्टी बाजूला ठेवून, चांगले पेन चांगले कशाने ठरते आणि ते हाती धरण्यात सुख कोणते, तेवढे आज सांगतो.

आधी पेनाच्या पोटात काय चालते ते पाहू. एकच भोक पाडलेला रॉकेलचा डबा उपडा करून पाहा. तेल सरळ पडत नाही; गुडगुड करीत थोडे बाहेर येते, तेवढीच हवा आत शिरते, मग पुन्हा थोडे येते. पेनाची अडचण नेमकी हीच होती. शाई खाली यायची तर हवा वर गेली पाहिजे, आणि तीही अशा बेताने की कागदावर डाग पडू नये. निबच्या खाली जी काळी पट्टी असते, तिला आपण जीभ म्हणू, तिच्यात बारीक खाचा असतात. समईची वात जसे तेल ओढून घेते, तशी या खाचांतून शाई निबकडे ओढली जाते आणि तिच्या जागी हवा आत जाते. न्यूयॉर्कच्या ल्युईस वॉटरमन यांनी अशा जिभेचे पेटंट १८८४ साली घेतले. ते विम्याचे एजंट होते आणि ऐन सहीच्या वेळी पेनाने दगा दिल्यामुळे त्यांना हा शोध लागला, अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट रंगतदार आहे, पण तिला पुरावा फारसा नाही.

दुसरी गोष्ट मात्र खरी आहे आणि इथे ऐकणाऱ्या शिक्षकबंधूंना ती आवडेल. अमेरिकेत जेन्सव्हिल गावी जॉर्ज पार्कर नावाचे एक मास्तर होते. ते तारायंत्र शिकवीत. पगाराला जोड म्हणून आपल्याच विद्यार्थ्यांना ते पेने विकत. ती पेने गळत, आणि पोरे ती घेऊन परत मास्तरांकडे येत. दुरुस्त्या करता करता मास्तरांना पेनाची सगळी नाडी कळली. १८८८ साली त्यांनी स्वतःची कंपनी काढली. पुढे १८९४ मध्ये त्यांनी एक वाकडी जीभ काढली. पेन खिशात उभे ठेवले की जिभेतली उरलीसुरली शाई आपोआप मागे पोटात उतरे, म्हणून टोपण काढताना बोटे माखत नसत. याच कंपनीचे १९४१ साली निघालेले ‘पार्कर ५१’ जगभर गाजले. आपल्याकडे घरोघर पोचलेले चिनी ‘हीरो’ पेन त्याच्याच वळणावर बेतलेले.

आता निबकडे येऊ. जुन्या उंची पेनांची निब सोन्याची का असे? मिरवण्यासाठी नव्हे, निदान आरंभी तरी नव्हे. पूर्वीची टिकाऊ शाई मायफळासारखे तुरट द्रव्य आणि हिराकस यांची होई. आपल्याकडे हिरडा वापरीत. ती शाई आंबट. साधे पोलाद ती खाऊन टाकी, सोन्याला तिचे काही चालत नसे. पण सोने मऊ, कागदावर घासून झिजायचे. म्हणून निबच्या टोकावर एका अतिशय कठीण धातूचा मोहरीहून लहान ठिपका जोडतात आणि मग मधोमध चीर पाडतात. अक्षर कागदावर उमटते ते त्या ठिपक्यामुळे. आज गंज न धरणाऱ्या पोलादाच्या निबाही उत्तम लिहितात. तेव्हा सोन्याच्या निबवाचून अडून बसू नये, असे माझे मत आहे.

आपले पेन दुसऱ्याला दिले की निब बिघडते असे जुनी माणसे म्हणत. तो ठिपका इतका कठीण असतो की चार ओळींत काही तो दुसऱ्याच्या वळणाने झिजत नाही. खरे कारण वेगळे आहे. बॉलपेनची शाई दाट, तिथे दाबल्याशिवाय गोळी फिरत नाही. तो सवयीचा हात शाईच्या पेनावर पडला की निबच्या दोन पात्या फाकतात. शाईच्या पेनाला दाब नको, नुसता स्पर्श हवा. त्याच्या स्वतःच्या वजनावर ते चालते. सहामाहीच्या साठ वह्या तपासून ज्यांचा अंगठा दुखला आहे, त्यांनी एकदा हा फरक करून पाहावा. शिवाय आपल्या देवनागरीची वळणे! बोरूला तिरका कट देऊन वडीलधाऱ्यांनी जी जाडबारीक रेघ काढली, तिची थोडी तरी चव रुंद टोकाच्या निबने येते. ‘क्ष’ किंवा ‘ळ’ काढताना शाई क्षणभर ओली चमकते आणि मग कागदात मुरते. ते पाहण्यासाठी मी कित्येकदा उगाचच लिहितो.

हा सगळा परदेशी थाट आहे असे मात्र समजू नका. आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम् यांनी गांधीजींच्या स्वदेशीच्या हाकेवरून पेने घडवायला घेतली. त्यांचे पेन अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांमार्फत गांधीजींकडे पोचले, आणि जुलै १९३५ मध्ये गांधीजींनी आपल्या वर्ध्याहून पत्र पाठवून, बाजारातल्या परदेशी पेनांच्या जागी हे चालेल, अशी पावती दिली. लेथवर एबोनाइटचा दांडा फिरवून हाताने पेन घडवणारे कारागीर आजही त्या गावात आहेत. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेले रबर. हाताला ऊबदार लागते आणि घाम आला तरी निसटत नाही. आणि पेन आले म्हणजे शाई आलीच. मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ साली शाईची पूड आणि वड्या विकण्यापासून सुरुवात केली. पुढे कॅमलिन म्हणून जे नाव शाळाशाळांत पोचले ते त्यांचेच.

जमवण्याविषयी थोडे. पोळ्याला मिरवण्यापुरता बैल कोणी पाळत नाही. मखमलीच्या पेटीत चाळीस पेने आणि लिहायला बॉलपेन, असले संग्राहक मी पाहिले आहेत. त्यांच्याशी माझे जमत नाही. माझ्याकडे अकरा आहेत, आणि अकराही पाळीपाळीने शाई पितात. त्यांतली बरीचशी जुन्या ट्रंका आणि कोनाडे यांतून आलेली.

दोन वर्षांपूर्वी एक विद्यार्थी असेच एक काळे ड्रॉपरचे पेन घेऊन माझ्याकडे आला. वडील प्राथमिक शाळेत मास्तर. त्यांना जाऊन सहा वर्षे झाली होती. आईने पेन त्यांच्या धोतराच्या घडीत ठेवलेले. पेन लिहीत नव्हते. एका सोनाराने निबपुरते पैसे देऊ केले होते, आणि फीची मुदत जवळ आली होती. निब ती केवढी, सोने दोनचार गुंजा. मी म्हटले, “एक रात्र थांब.” पेनाचा निबकडचा भाग तेवढा उलगडून वाटीतल्या गार पाण्यात सोडला. बघता बघता त्यातून निळी रेघ निघाली आणि डोलत तळाशी गेली. मास्तरांनी स्वतः भरलेली शाई ती. पोरगा वाटीकडे पाहत राहिला. चौथ्या पाण्याला निवळ आले. दुसऱ्या दिवशी शाई भरली. “सर, काय लिहू?” “काहीही लिही रे.” त्याने हजेरीपटावर असते तसे, आडनाव आधी घालून, आपले नाव लिहिले. फीची सोय पुढे वेगळी झाली. पेन विकले गेले नाही.

तुमच्या घरीही असे एखादे पेन असेल. त्याला गरम पाणी लावू नका, एबोनाइटचा रंग उडतो. स्पिरिट नको, जुने टोपण खराब होईल. चित्रकलेची काळी शाई तर कधीच भरू नका, ती खाचांत दगडासारखी बसते. बाजूला पितळी खटका असेल तर तो जोराने ओढू नका; आतली रबरी पिशवी कुजलेली असते, ती जाणत्याकडून बदलून घ्यावी. आणि ड्रॉपरचे पेन निम्म्याखाली आले की भरावे. हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि शाई बाहेर ढकलते. मास्तरांच्या पांढऱ्या सदऱ्यावरचे निळे डाग बहुधा त्यातलेच. तेव्हा आज रात्री निब वाटीत टाकून ठेवा. सकाळी पाणी निळे झाले असेल तर ते ओतून द्या आणि दुसरे घ्या.