आपोआप गिअर बदलणारी जुनी मोटार

अमेरिकेंतील ओल्ड्समोबिल मोटारींना १९४० सालच्या नमुन्यापासून ‘हायड्रामॅटिक’ गिअरबॉक्स मिळूं लागला. त्यांत क्लचचें पेडल नाहीं. तेलांत समोरासमोर बसविलेल्या दोन पंख्यांपैकीं एक फिरला, कीं तेलाच्या रेट्यानें दुसरा फिरतो. पुढें नेणारे चार गिअर यंत्र आपणच बदलतें.

ही सोय मोठी खरी. परंतु जपून ठेवलेली अशी मोटार आज चालविणारानें एक गोष्ट विसरतां कामा नये. आजच्या गाडींतील ‘पार्क’ ही जागा तींत मुळींच नाहीं. स्टिअरिंगखालच्या दांड्याच्या एका टोकास ‘न्यूट्रल’, मग पुढें जाण्याच्या दोन जागा आणि शेवटीं, त्यांना लागूनच, ‘रिव्हर्स’. गाडी उभी करतांना आधीं इंजिन बंद करावें आणि मगच दांडा ‘रिव्हर्स’वर न्यावा, म्हणजे यंत्र आंतून अडकून गाडी जागची हलत नाहीं. हा क्रम चुकला, तर उभी करावयाची गाडी मागें धांवूं लागेल आणि मागें एखादें मूलहि असेल!

पुढील व मागील गतीच्या जागांमध्यें ‘न्यूट्रल’ असलेंच पाहिजे, असा नियम अमेरिकेंत १९६८ सालीं लागू झाला. त्यापूर्वींच्या अशा गाड्यांत गिअर यंत्र बदलतें. सावधगिरी मात्र चालकानेंच बाळगावयाची असते.