हातात किती पडतात?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी मला विचारलं, "यंदा तुम्ही बोलाल का? विषय तुमच्या आवडीचा घ्या." मी अर्थशास्त्री नाही. सिव्हिलचा डिप्लोमा केलेला, लोकनिर्माण विभागातला उपयंत्री आहे. माझा पैशांशी संबंध म्हणजे एस्टिमेट, मेजरमेंट बुक आणि ठेकेदाराचं बिल. पण बिलात एखादी आयटम लपवलेली असली तर ती शोधायची सवय या नोकरीनं लावली. त्याच सवयीतून आजचा विषय निघाला: परदेशी पैसे पाठवणारी एक कंपनी कशी उभी राहिली, तिला पैसा कुणी दिला, आणि आपल्या घरांशी त्याचा काय संबंध.

आधी घरातली गोष्ट सांगतो. माझी भाची जर्मनीत शिकायला गेली. भावजी हयात नाहीत. ताईनं एफ.डी. मोडून तिला पाठवलं. एका सत्राचे साडेतीनशे युरो भरायचे होते. मी बँकेत गेलो, ए-टू फॉर्म भरला, सह्या केल्या, पावती घेऊन निश्चिंत घरी आलो. आठवड्यानं भाचीचा फोन, "मामा, पंचवीस युरो कमी पोचलेत. विद्यापीठ म्हणतं, पूर्ण रक्कम आल्याशिवाय नोंदणी नाही."

मी पावती घेऊन पुन्हा बँकेत. तिथले साहेब म्हणाले, "आम्ही पूर्ण पाठवले, मधल्या बँकेनं कापले असतील." ही मधली बँक कोणती, तिनं किती कापले, कोणत्या हिशेबानं कापले, हे कुणाला सांगता येईना. मुदत संपायला दोन दिवस होते. शेवटी तिच्या वसतिगृहातल्या एका मैत्रिणीनं पंचवीस युरो भरले तेव्हा नोंदणी झाली. रक्कम लहान होती, पण ताईच्या दोन रात्री झोपेविना गेल्या. मला जास्त लागलं ते हे, की पंचवीस पैशांचा फरक दाखवून ठेकेदाराचं बिल परत पाठवणारा मी, स्वतःच्या बिलातली आयटम मला दिसली नव्हती.

मग मी वाचायला लागलो आणि दोन एस्टोनियन तरुणांची हकिगत हाती आली. एस्टोनिया हा युरोपच्या उत्तरेला, बाल्टिक समुद्राकाठचा देश. लोकसंख्या जेमतेम तेरा लाख, म्हणजे आपल्या इंदूरपेक्षाही कमी. तिथले दोघे लंडनमध्ये नोकरी करत होते. तावेत हिनरिकस हा स्काइप कंपनीचा पहिला कर्मचारी. त्याचा पगार युरोत होई, पण खर्च लंडनला पौंडात. दुसरा क्रिस्टो कारमान, सल्लागार कंपनीत. त्याला पगार पौंडात आणि घराचं कर्ज मात्र एस्टोनियात. 2008 साली क्रिस्टोला दहा हजार पौंड बोनस मिळाला. तो त्यानं बँकेतून गावी पाठवला. पोचल्यावर पाहतो तर अपेक्षेपेक्षा सुमारे पाचशे पौंड कमी. शुल्क तर थोडंच होतं, मग बाकीचे गेले कुठे? बँकेनं बाजारात चालू असलेला दर दिलाच नव्हता. स्वतःचा फरक लावून वेगळा दर दिला होता.

आता या दोघांनी काय केलं ते ऐका, कारण ते आपण सगळ्यांनी घरात केलेलं आहे. माझा मुलगा पुण्याला शिकत होता तेव्हा त्याला महिन्याचा खर्च माझे मेहुणे तिथेच देत. मेहुण्यांच्या आई इथे सुदामानगरात राहतात, त्यांना तेवढेच पैसे मी इथे देई. पुण्याचा पैसा पुण्यात राहिला, इंदूरचा इंदुरात, दोघांचंही काम झालं. हिनरिकस आणि कारमान यांनी हेच केलं. दर महिन्याला बाजारातला खरा दर पाहायचा. क्रिस्टोनं तावेतच्या लंडनच्या खात्यात पौंड भरायचे, तावेतनं क्रिस्टोच्या एस्टोनियातल्या खात्यात युरो. एक पैसाही सीमेपार गेला नाही आणि शुल्कही लागलं नाही.

मित्रांनाही हे हवं होतं. म्हणून जानेवारी 2011 मध्ये लंडनला ट्रान्सफरवाइज ही कंपनी सुरू झाली. आज तिचं नाव वाइज.

इथे आपल्या सराफ्यातले जुने लोक म्हणतील, यात नवीन काय? हुंडी हेच तर करायची. बरोबर आहे. माळव्यातल्या पेढ्यांच्या हुंड्या दूरदूरच्या शहरांत वटत. कोकणातल्या घरांत मुंबईच्या गिरणीतून येणारी मनीऑर्डर म्हणजे महिन्याची चूल. दूरच्या माणसाचा पैसा घरच्यांच्या हातात पडणं ही गरज जुनीच आहे.

पण फरक नीट समजून घ्या, नाहीतर कुणी माझं भाषण ऐकून भलतंच काही करेल. दोन देशांतल्या माणसांनी परस्पर असा हिशेब चुकता करणं आपल्याकडे बेकायदा आहे. त्याला हवाला म्हणतात आणि 1999 च्या फेमा कायद्यात त्यावर कारवाई होते. वाइजनं हेच काम ब्रिटनच्या वित्तीय नियामकाचा परवाना घेऊन, प्रत्येक ग्राहकाची ओळख तपासून आणि प्रत्येक व्यवहाराची नोंद ठेवून केलं. शिवाय सगळीकडे जोड्या जुळत नाहीत. भारतात येणारा पैसा जास्त, बाहेर जाणारा कमी. तिथे कंपनीला बाजारातून चलन घ्यावं लागतं आणि स्थानिक बँकांची मदत लागते.

म्हणूनच प्रश्न येतो भांडवलाचा. नुसत्या जोड्या लावायच्या तर पैसा कशाला हवा? पैसा लागतो प्रत्येक देशाच्या परवान्याला, तपासणी करणाऱ्या माणसांना, खात्यांत आगाऊ ठेवायच्या रकमेला आणि जाहिरातीला. 2012 मध्ये त्यांना पहिले 13 लाख डॉलर मिळाले. 2013 मध्ये पीटर थील यांच्या फंडाच्या पुढाकारानं 60 लाख. 2014 मध्ये अडीच कोटी डॉलर, त्यात रिचर्ड ब्रॅन्सनही होते. 2015 च्या जानेवारीत अमेरिकेच्या अँड्रीसन होरोवित्झ या फंडाच्या नेतृत्वाखाली 5 कोटी 80 लाख, आणि 2017 मध्ये 28 कोटी डॉलर.

आकडे ऐकून डोळे दिपतात, पण उपयंत्र्याच्या नजरेनं पाहा. 2017 नंतर दोन मोठे व्यवहार झाले. 2019 मध्ये 29 कोटी 20 लाख डॉलरचा, तेव्हा कंपनीची किंमत धरली साडेतीन अब्ज. 2020 मध्ये 31 कोटी 90 लाखांचा, तेव्हा किंमत 5 अब्ज. या दोन्हींत कंपनीच्या तिजोरीत नवा पैसा आला नाही. जुन्या भागीदारांनी आणि कर्मचाऱ्यांनी आपले शेअर विकले, नव्यांनी घेतले. कॉलनीतला प्लॉट एकानं दुसऱ्याला विकला तर रस्ता-गटारीला पैसा येत नाही, फक्त प्लॉटचा भाव कळतो. तसंच हे. "अमुक कंपनीला इतके कोटी मिळाले" अशी बातमी वाचली की आधी विचारा, कंपनीला मिळाले की शेअर विकणाऱ्याला? घरातली तरुण मुलं अशा कंपन्यांत नोकरीला लागतात, पगाराऐवजी शेअर घेतात, त्यांनी तर हे विचारलंच पाहिजे.

वाइजला नव्या पैशाची गरज का उरली नाही? कारण 2017 पासून ती नफ्यात आली. 7 जुलै 2021 रोजी तिचे शेअर लंडनच्या बाजारात थेट नोंदले गेले. नवे शेअर विकले नाहीत, जुनेच बाजारात आले. आठ पौंडांना सुरुवात झाली आणि त्या हिशेबानं कंपनीची किंमत सुमारे आठ अब्ज पौंड झाली. मार्च 2025 ला संपलेल्या वर्षात तिचे 1 कोटी 56 लाख ग्राहक होते आणि त्यांनी सुमारे 145 अब्ज पौंड सीमेपार पाठवले.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर ही जाहिरात होईल, आणि मी सरकारी नोकर आहे, जाहिरात मला परवडणार नाही. या कंपनीच्या अलीकडच्या नफ्यातला मोठा वाटा ग्राहकांनी तिच्याकडे ठेवलेल्या पैशांवरच्या व्याजाचा आहे. म्हणजे सगळं शुल्कातून आलेलं नाही. दुसरं, कारमान यांना वैयक्तिक कर वेळेत न भरल्याबद्दल ब्रिटनच्या कर खात्यानं दंड केला. ती गोष्ट नियामकाला कळवली नाही म्हणून ऑक्टोबर 2024 मध्ये नियामकानं आणखी साडेतीन लाख पौंडांचा दंड केला. पारदर्शकता विकणाऱ्यानं स्वतःचा हिशेबही उघडा ठेवावा, ही अपेक्षा रास्तच आहे.

तरीही या दोघांचं एक काम मोठं मानतो. त्यांनी शुल्क एका ओळीत लिहिलं आणि दर बाजारातला दिला. एवढ्यानं बाकीच्यांवरही दाब आला. जागतिक बँकेच्या पाहणीत 200 डॉलर पाठवायचा जगातला सरासरी खर्च अजून 6 टक्क्यांच्या वर आहे. संयुक्त राष्ट्रांनी 2030 पर्यंत तो 3 टक्क्यांखाली आणायचं उद्दिष्ट ठेवलंय. बाहेरून सर्वात जास्त पैसा घरी येणारा देश आपला आहे. 2022 मध्ये तो 100 अब्ज डॉलरच्या पुढे गेला. त्यात एक टक्का वाचला तरी तो कुणाच्या तरी आईच्या औषधाचा, बहिणीच्या फीचा पैसा आहे. आपल्या सरकारनंही पाऊल उचललंय. फेब्रुवारी 2023 मध्ये आपलं यूपीआय सिंगापूरच्या पेनाऊशी जोडलं गेलं.

आता तीन कामाच्या गोष्टी सांगतो आणि थांबतो.

पहिली. पैसे पाठवताना वा मागवताना "शुल्क किती?" असं विचारू नका. विचारा, "समोरच्याच्या हातात नक्की किती पडतील?" शुल्क शून्य असूनही दरात कापता येतं. त्या दिवसाचा बाजारभाव मोबाईलवर पाहा आणि हातात पडणारी रक्कम ताडून बघा.

दुसरी. बँकेतून फी पाठवत असाल तर फॉर्मवर मधल्या बँकांचं शुल्क कोण भरणार, याचा रकाना असतो. 'अवर' म्हणजे पाठवणारा, 'बेन' म्हणजे घेणारा, 'शा' म्हणजे दोघे. फी असेल तर 'अवर' लिहा. माझ्या फॉर्मवर तो रकाना होता. मी वाचला नव्हता, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

तिसरी आपल्या मंडळासाठी. आपली मुलं परदेशातून वर्गणी पाठवतात, त्याचा आनंद आहे. पण ज्याच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे त्यानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली वर्गणी वेगळी, आणि जो तिथला नागरिक झाला त्याची वेगळी. दुसरी कायद्यानं परकीय योगदान ठरते, मग पाठवणारा आपल्याच गल्लीत वाढलेला का असेना. एफ.सी.आर.ए.ची नोंदणी नसताना ती घेता येत नाही. कोषाध्यक्षांनी पावती फाडण्याआधी एवढं प्रेमानं विचारावं.

भाचीचं शिक्षण झालं, तिला तिथेच नोकरी लागली. ती आता दर महिन्याला ताईला पैसे पाठवते आणि पाठवायच्या आधीच फोन करते, "आई, उद्या तुझ्या खात्यात इतके रुपये येतील." दुसऱ्या दिवशी तेवढेच येतात. ताई पासबुक भरून आणते आणि मला दाखवते. मी मेजरमेंट बुकासारखं तपासतो, आणि आजवर एकदाही शेरा मारावा लागलेला नाही.

 गणपती बाप्पा मोरया!