एका रुग्णामागे एक कुटुंब
(वार्षिक सभेत हृदयविभागाच्या वतीने केलेले भाषण)



शस्त्रक्रियांचे आकडे आपण अहवालात वाचालच. आज आम्ही आमच्याकडून राहून गेलेल्या एका प्रश्नाविषयी बोलणार आहोत.

काही वर्षांपूर्वी महाधमनी फाटलेला एक उंच, सडपातळ तरुण आमच्याकडे आला. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, तो चालत घरी गेला आणि आम्ही समाधान मानले. ‘घरात आणखी कोणाला हृदयाचा त्रास आहे का?’ एवढे विचारायचे मात्र राहिले. पुढे त्याच्या धाकट्या भावाची महाधमनी फाटली. तो रुग्णालयापर्यंत पोहोचलाच नाही. वडीलही चाळिशीत अचानक गेले होते, हे तेव्हा आम्हांस कळले.

महाधमनीच्या भिंतीला बळ देणाऱ्या तंतूंत फायब्रिलिन नावाचे प्रथिन असते. १८९६ मध्ये पॅरिसचे डॉक्टर आंत्वान मार्फान यांनी लांब, सडपातळ हातापायांच्या एका बालिकेचे वर्णन केले. त्यांचे नाव लाभलेल्या विकाराचे मूळ पंधराव्या गुणसूत्रावरील फायब्रिलिनच्या जनुकात आहे, हे १९९१ मध्ये उघड झाले. आई किंवा वडिलांना हा विकार असल्यास प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत तो घराण्यात प्रथमच उद्भवतो.

महाधमनीच्या झडपेला तीन पाकळ्या असतात. शंभरातील एक-दोघांना जन्मतः दोनच असतात. अशा काही कुटुंबांत नॉच-१ या जनुकातील दोष २००५ मध्ये आढळला. बहुसंख्य रुग्णांत मात्र कारण अद्याप हाती लागलेले नाही. आपल्याकडे ऱ्हुमॅटिक तापानेही झडपा निकामी होतात; म्हणून प्रत्येक झडपेचा रोग आनुवंशिक मानणेही चुकीचेच.

एका रुग्णाच्या जनुकात बदल दिसला, तरी तोच दोषी असे म्हणता येत नाही. तो बदल घरातील आजारी माणसांत आहे आणि निरोगी माणसांत नाही, हे पडताळावे लागते. त्यासाठी संपूर्ण कुटुंबाचे सहकार्य लागते. येथेच पाऊल अडखळते. ‘मुलीचे लग्न ठरायचे आहे, हे बाहेर कळले तर?’ असे आईवडील विचारतात. ही भीती आम्ही क्षुल्लक मानत नाही. लेखी संमतीवाचून आम्ही रक्त घेत नाही, नाव गुप्त ठेवतो आणि नकार दिल्यास उपचारांत यत्किंचितही उणे पडू देत नाही.

दोष वेळीच कळला तर इकोकार्डिओग्राफीने महाधमनीचे माप नियमित घेता येते, औषधांनी तिच्यावरील ताण कमी करता येतो आणि ती फाटण्यापूर्वीच शस्त्रक्रिया करता येते. रुग्णांच्या भावंडांची आणि मुलांची ही तपासणी विनामूल्य व्हावी, यासाठी आपल्या साहाय्याची आम्ही विनंती करतो.

त्या वेळी राहून गेलेला प्रश्न आता आमच्या प्रत्येक केसपेपरवर छापलेला असतो. त्या धाकट्या भावाचे आम्ही एवढे देणे लागतो.