कूलर, खोकल्याचं औषध आणि बिलाचा कागद

(नंदनवन, नागपूर इथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी वकील नाही. कोडं लिहून पोट भरणारा माणूस आहे. म्हणजे संगणकाची कोडं, शब्दकोडी नव्हेत. त्यामुळे आज कायद्याबद्दल बोलताना माझी भाषा वकिलाची नसेल, दुरुस्ती करणाऱ्याची असेल. एखादी वस्तू बिघडली की बिघाड नेमका कुठे झाला आणि कुणामुळे झाला हे शोधायची सवय लागलेली आहे, तेवढंच भांडवल.

सुरुवात घरापासून करतो. तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात माझ्या आपाच्या मुलीला कूलरचा शॉक लागला. नऊ वर्षांची होती. दुपारी कूलरमध्ये पाणी भरायला बादली घेऊन गेली, फरशी ओली, पाय उघडे, एक हात पत्र्याला. अम्मीने प्रसंगावधान राखून मेन स्विच बंद केला म्हणून मुलगी वाचली. हाताला भाजलं, दोन रात्री दवाखान्यात काढाव्या लागल्या. आजही ती कूलरजवळ जात नाही.

नागपुरात राहणाऱ्याला कूलर काय चीज आहे हे सांगायला नको. एप्रिल लागला की ताट्या बदलायच्या, पंप तपासायचा, खिडकीला लोखंडी स्टँड ठोकायचा. आणि दर उन्हाळ्यात पेपरात एक छोटी बातमी असतेच: कूलरच्या धक्क्याने मृत्यू. आपण ती वाचतो, हळहळतो, पान उलटतो.

त्या दिवशी संध्याकाळी मी कूलर उघडला. पंपाची वायर पत्र्याला पाडलेल्या एका भोकातून बाहेर आणली होती. भोकाची कड धारदार, त्यावर रबरी वायसर नाही. हलून हलून वायरचं आवरण कापलं गेलं आणि आतली तार पत्र्याला टेकली. बॉडीला अर्थिंगची वायर जोडलेलीच नव्हती. प्लग तीन पिनचा, पण तिसरी पिन नुसती शोभेची. घरातला एमसीबी पडला नाही, आणि तो पडणारही नव्हता. एमसीबी मोठ्या करंटवर पडतो, माणसाच्या अंगातून जाणारा करंट त्याच्या मानाने फार थोडा असतो. त्यासाठी आरसीसीबी लागतो, तीस मिलिअँपिअरचा. तो आमच्याकडे नव्हता. तुमच्याकडे आहे का, आज घरी गेल्यावर बघा.

दुसऱ्या दिवशी चाचांना घेऊन दुकानात गेलो. दुकानदार तसा भला माणूस. दोन गोष्टी म्हणाला. पहिली, "तुमच्या घरची अर्थिंग खराब असेल." दुसरी, "पंप आणा, नवीन देतो." आम्ही पंप वायरसकट त्याच्या हातात दिला, नवीन घेतला, वर चहा पिऊन आलो. चाचा म्हणाले, बदलून दिला ना, झालं. मोहल्ल्यात कुणी म्हणालं, नशीब होतं, टळलं.

आता मला कळतं की त्या चहाच्या कपात आम्ही अख्खी केस बुडवली. पुरावा आम्ही स्वतःच्या हाताने परत केला. बिल नव्हतंच. आणि ग्राहक आयोगात जायची मुदत दोन वर्षांची असते, तीही निघून गेली. पुढच्या उन्हाळ्यात त्याच दुकानात तसेच कूलर, तसेच भोक पाडलेले, रांगेत उभे होते. ते पाहिल्यावर मी कायदा वाचायला बसलो.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा १९८६ मध्ये आला. त्यामागे चळवळ होती, आणि त्या चळवळीचं एक घर महाराष्ट्रच होतं. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत सुरू केली, पाठोपाठ मुंबईत मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. पण सदोष वस्तूमुळे माणसाला इजा झाली तर वस्तू बनवणाऱ्याची जबाबदारी नेमकी किती, यावर त्या कायद्यात वेगळं प्रकरण नव्हतं. ते आलं २०१९ च्या नव्या कायद्यात. सहावं प्रकरण, कलम ८२ ते ८७. जुलै २०२० पासून ते लागू आहे, म्हणजे लॉकडाऊनच्या गडबडीत, त्यामुळे फारसं कुणाच्या कानावर गेलं नाही.

त्यातलं कलम ८४ मला एखाद्या इंजिनिअरने लिहिल्यासारखं वाटतं. वस्तू बनवणारा कशाकशासाठी जबाबदार? बनवताना दोष राहिला तर. आराखड्यातच दोष असेल तर. ठरलेल्या मापा-प्रमाणापासून वस्तू ढळली तर. स्पष्टपणे दिलेल्या हमीप्रमाणे ती नसेल तर. आणि वापर कसा करावा, धोका काय आहे, हे नीट सांगितलं नसेल तर.

पहिल्या दोनमधला फरक आमच्या धंद्यात रोज दिसतो. कोड बरोबर आहे, पण एका ग्राहकाकडे बसवताना एक फाइल चुकीची गेली, तर बिघाड एकाच ठिकाणी होतो. पण कोडमध्येच चूक असेल तर जितक्या प्रती तितके बिघाड. एका कूलरला वायसर लावायचा राहून गेला, तर तो बनवतानाचा दोष. कारागीर कुठल्याच कूलरला वायसर लावत नाही, अर्थिंगची जागाच ठेवत नाही, तर तो आराखड्याचा दोष. दुसरा प्रकार जास्त भयंकर, कारण तो सवयीतून येतो आणि कुणाला चूक वाटतच नाही.

आणि याच कलमात पुढे एक वाक्य आहे, ते लक्षात ठेवा. अशी हमी देताना आपण निष्काळजीपणा केला नाही, फसवणूक केली नाही, असं बनवणाऱ्याने सिद्ध केलं तरी तो सुटत नाही. "साहेब, माझा हेतू वाईट नव्हता" हे उत्तर तिथे चालत नाही. हमीप्रमाणे वस्तू होती की नव्हती, एवढंच बघायचं.

इथे मला एक कडू गोष्ट बोलायची आहे. "कंपनी" म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मुंबईतली काचेची इमारत येते. पण हा कायदा "उत्पादक" कुणाला म्हणतो? दुसऱ्यांनी बनवलेले सुटे भाग जोडणाऱ्यालाही. दुसऱ्याच्या मालावर स्वतःचं नाव चिकटवणाऱ्यालाही. म्हणजे शेडमध्ये पत्रा कापून, बाजारातून मोटर आणि पंप आणून कूलर जोडणारा माझा मामेभाऊ कायद्याच्या नजरेत उत्पादक आहे. इथे बसलेल्यांपैकीही काहींच्या घरी कूलर, फर्निचर, बॅटरी, बेकरीचा माल बनत असेल. मी हे मामेभावाला सांगितलं तेव्हा तो चिडला. म्हणाला, मोठे सुटतात, तू माझ्या मागे लागला. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण रबरी वायसर आणि दोन मीटर अर्थिंगच्या वायरचा खर्च एका कूलरमागे चहा-समोशाइतका येतो. आता तो लावतो. माझ्यामुळे की भीतीमुळे, विचारलं नाही.

आपल्या परंपरेतही ही गोष्ट नवी नाही. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओला माल पैगंबरांनी दुकानदाराला दाखवला, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. फिकहमध्ये सदोष माल परत करण्याच्या हक्काला वेगळं नावही आहे, खियार-ए-ऐब. मात्र तिथे प्रश्न मुख्यतः व्यवहाराचा आहे, पैसे परत मिळण्याचा. आजचा कायदा उलट आहे. नुसता माल खराब निघाला, तर ती साधी ग्राहक तक्रार. सहाव्या प्रकरणातली "हानी" म्हणजे वस्तूमुळे माणसाला झालेली इजा, आजार, मृत्यू, त्यासोबतचा मनस्ताप, किंवा दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान. दुकानदाराने पंप बदलून दिला, तो मालाचा हिशोब झाला. मुलीच्या हाताचा हिशोब झालाच नाही. आम्ही दोन्ही एकच समजलो.

आता कूलरपेक्षा मोठ्या गोष्टीकडे येतो. ती इथून काही किलोमीटरवर, आपल्या मेडिकलमध्ये आणि शहरातल्या इतर दवाखान्यांत घडली. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून, विशेषतः परासियाकडून, लहान मुलं नागपूरला येऊ लागली. साधा सर्दी-खोकला झालेला, मग लघवी बंद, किडनी निकामी. त्यांना कोल्ड्रिफ नावाचं खोकल्याचं औषध दिलं होतं, तामिळनाडूतल्या कांचीपुरम जिल्ह्यातल्या श्रेसन फार्मास्युटिकल्सचं. तामिळनाडूच्या औषध विभागाने एसआर-१३ या बॅचचा नमुना तपासला, तर त्यात डायएथिलीन ग्लायकॉल निघालं ४८.६ टक्के. मान्य मर्यादा आहे ०.१ टक्का. वीसहून जास्त मुलं गेली, त्यातली अनेक नागपुरात. कंपनीच्या मालकाला ऑक्टोबरमध्ये अटक झाली, परवाना रद्द झाला.

हे विष नवं नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत याच द्रव्यात बनवलेल्या एका औषधाने शंभरावर माणसं मेली, आणि त्यातून १९३८ चा त्यांचा औषध कायदा आला. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉलमध्ये हेच मिसळलेलं होतं. १४ रुग्ण दगावले, न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. २०२२ मध्ये गांबियात भारतीय बनावटीच्या सिरपचा संबंध जवळपास ७० मुलांच्या मृत्यूशी लावला गेला. बहुतेक वेळा कारण तेच असतं. औषधात वापरायचा द्रव महाग, त्यासारखंच दिसणारं औद्योगिक रसायन स्वस्त, आणि पिंप उघडल्यावर तपासणी नाही. आमच्याकडे चाचणी न करता सॉफ्टवेअर सोडलं तर ॲप बंद पडतं. इथे पोराची किडनी बंद पडते.

अशा प्रकरणात दोन रस्ते असतात आणि ते एकमेकांना अडवत नाहीत. एक फौजदारी. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४०, त्यात भेसळीच्या औषधाने मृत्यू झाला तर किमान दहा वर्षं ते जन्मठेप, आणि किमान दहा लाखांचा दंड, जो मृताच्या नातेवाइकांना द्यायचा असतो. दुसरा रस्ता ग्राहक आयोगाचा. ग्राहक लहान मूल असेल तर आईवडील तक्रार करू शकतात, मृत्यू झाला असेल तर वारस. पोलिसांची केस चालू आहे म्हणून आयोगात जाता येत नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

विकणाऱ्याचं काय? कलम ८६. दुकानदार प्रत्येक वेळी अडकत नाही. पण त्याने वस्तूत फेरफार केला, स्वतः वेगळी हमी दिली, जोडणी-तपासणीत हलगर्जी केली, किंवा वस्तू कुणी बनवली हेच कळत नसेल, तर जबाबदारी त्याच्यावर येते. नाव-गाव नसलेला दीडशे रुपयांचा चार्जर विकणाऱ्याने हे समजून घ्यावं. ऑनलाइन बाजारही पूर्ण मोकळा नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲमेझॉनला, तिथून विकल्या गेलेल्या मानकाबाहेरच्या २२६५ प्रेशर कुकरच्या ग्राहकांना कळवून पैसे परत करायचा आदेश दिला आणि एक लाखाचा दंड लावला. त्या कंपनीच्या मानाने एक लाख म्हणजे काय, ते तुम्हीच बघा.

बचावाच्या वाटाही आहेत, त्या लपवून उपयोग नाही. वस्तूचा गैरवापर केला, स्वतः बदल केला, किंवा धोका उघड आणि सर्वांना माहीत असलेला होता, तर दावा ढिला पडतो. आपण हौशी लोक. तिसरी पिन मोडून प्लग दोन पिनच्या सॉकेटमध्ये बसवतो. मग समोरचा वकील तेच दाखवेल.

करायचं काय, ते थोडक्यात सांगतो. बिल घ्या, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. औषधाच्या बाटलीवरचा बॅच नंबर जपा, बाटली फेकू नका. इजा झाली की वस्तू जशी आहे तशी ठेवा, दुकानदाराला परत देऊ नका, दवाखान्याचे कागद लावून ठेवा. १९१५ ही हेल्पलाइन आहे. वस्तूची किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात, नागपूरकरांसाठी सिव्हिल लाइन्सला. कंपनी कांचीपुरमची असो की दिल्लीची, तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथेच तक्रार करता येते. किंमत पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही. वकील सक्तीचा नाही. दोष प्रयोगशाळेशिवाय कळणार नसेल तर आयोग नमुना पाठवू शकतो, त्याचा खर्च मात्र आधी तुम्हाला भरायला लावू शकतात. कायद्यात तीन ते पाच महिन्यांत निकाल लावायचं लिहिलं आहे. तसं क्वचितच होतं, तयारी ठेवून जा. आणि शिलाई मशीन किंवा रिक्षा स्वतःच्या रोजीरोटीसाठी घेतली असेल तर "तुम्ही व्यापारी, ग्राहक नाही" हे उत्तर मान्य करू नका. स्वयंरोजगार करणारा ग्राहकच असतो.

शेवटी माझ्या धंद्याचंही बोलायला हवं, नाहीतर मामेभाऊ म्हणेल स्वतःचं तेवढं झाकलं. आम्ही सॉफ्टवेअर देताना अटींच्या तळाशी लिहितो: जसं आहे तसं घ्या, नुकसानीला आम्ही जबाबदार नाही. तुम्ही न वाचता "सहमत" दाबता. आपल्या कायद्यातली "उत्पादना"ची व्याख्या घन, द्रव, वायू असा विचार करते. निव्वळ सॉफ्टवेअर त्यात बसतं का, हे स्पष्ट नाही. युरोपीय संघाने २०२४ च्या नव्या निर्देशात सॉफ्टवेअरला थेट उत्पादन म्हटलं आहे, आणि डिसेंबर २०२६ पर्यंत सदस्य देशांनी तसे कायदे करायचे आहेत. ते इथे आलं तर माझं काम वाढेल, रात्रीची झोप कमी होईल. तरी यावं असं मला वाटतं.

आता प्रश्न घेऊ. आणि पुढच्या रविवारी सकाळी मी टेस्टर आणि मल्टिमीटर घेऊन इथेच बसणार आहे. ज्यांना कूलर दाखवायचा आहे त्यांनी उचलून आणू नका, पत्ता लिहून द्या, मी येतो. पाणी काढून ठेवा फक्त.